न दिसणाऱ्या वेदनेचा हिशेब

ज्या तोट्याची नोंद होत नाही तो झालाच नाही, असे मानण्याची आपल्याला सवय आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारातील वेदनेच्या वाट्याला नेमके हेच आले आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून नंदुरबारपर्यंत कितीतरी घरांना ही वेदना परिचित आहे. परंतु हजेरीपटावर तिची नोंद केवळ ‘गैरहजर’ एवढीच होते.

विकाराचे मूळ हिमोग्लोबिनमधील एका सूक्ष्म बदलात आहे. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी ताठर होऊन विळ्याचा आकार घेतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढील भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडे, पाठ, छाती यांत असह्य कळा उठतात. शरीरातील पाणी घटणे, थंडी, जंतुसंसर्ग, अतिश्रम ही नेहमीची निमित्ते. कित्येकदा निमित्त सापडतही नाही. भाताच्या रोवणीत दिवसभर चिखलपाण्यात वाकणाऱ्या मजुराला यांपैकी किती टाळता येतील, हा प्रश्नच आहे. तो अंथरुणाला खिळला की त्याची मजुरी बुडते, आणि शुश्रूषा करणाऱ्याचीही.

कळा सौम्य असतील तर विश्रांती, भरपूर पाणी, ऊब आणि डॉक्टरांनी सांगितलेले वेदनाशामक यांनी घरीच आराम पडू शकतो. परंतु ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे किंवा मुलाचे पोट डावीकडे एकाएकी फुगणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध वैद्यकीय देखरेखीखाली नियमित घेतल्यास अशी संकटे कमी होतात, हे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवून दिले आहे.

तथापि औषधाइतकाच विश्वासही महत्त्वाचा आहे. बाहेरून जखम दिसत नाही, म्हणून रुग्णावर ढोंगाचा आरोप होतो. अमेरिकेतील रक्तविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये, रुग्ण दाखल झाल्यापासून तासाभरात वेदनाशामक द्यावे, अशी शिफारस केली. तीव्र वेदनेत मॉर्फिनसारखी औषधे लागतात. ती सुलभ व्हावीत म्हणून आपल्याकडे २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्तीही झाली. सिकलसेलचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात झाला, आणि १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू होऊन सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरले.

तपासणी आवश्यकच आहे. परंतु हाती कार्ड असलेला रुग्ण मध्यरात्री कळवळत आला असता त्याला काय मिळते, हीच या अभियानाची खरी कसोटी होय. आणि ती केवळ शासनाची नाही. वर्गात पाणी पिण्याची मुभा देणारा, बुडालेला अभ्यास भरून घेणारा शिक्षक आणि रजेचा अर्ज संशयाने न पाहणारा लिपिक यांचाही या उपचारात वाटा आहे. त्याला पैसा लागत नाही. समोरच्याचे दुखणे खरे मानण्याची तयारी मात्र लागते.