आधी झाकायचं, मग पाहायचं

कोल्हापूर आणि खगोलशास्त्र म्हटलं की ओठांवर पहिलं नाव येतं ते जयंत नारळीकरांचं. त्यांचा जन्म कोल्हापूरचाच, १९३८चा. त्यांचं काम मुख्यतः गणिताचं, कागदावरचं. पण दुर्बिणीमागच्या यंत्रांत रमलेला एक खगोलशास्त्रज्ञही याच जिल्ह्यात जन्मला, हे फारसं कुणी सांगत नाही. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म कुरुंदवाडचा, ४ ऑक्टोबर १९५६चा. बालपण हुबळीत गेलं, पुढे आयआयटी दिल्ली, १९८३मध्ये बर्कलीची पीएच.डी. आणि नंतर कर्मभूमी कॅलटेक. सुधा मूर्ती या त्यांच्या भगिनी.

पीएच.डी.चं काम चालू असतानाच, १९८२मध्ये, सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा स्पंदक शोधणाऱ्या चमूत ते होते. तो शोध रेडिओलहरींतला. अवरक्त किरणांनी त्यांना दिलेलं यश त्यानंतरचं.

ताऱ्याइतकं वस्तुमान नाही, म्हणून गाभ्यात हायड्रोजन टिकून पेटत नाही, आणि ग्रह म्हणावं तर फार जड, असे गोल असले पाहिजेत, हे शिव कुमार यांनी १९६०च्या दशकात गणिताने मांडलं. पुढे त्यांना ‘तपकिरी बटू’ हे नाव मिळालं. तीसेक वर्षं शोधूनही निर्विवाद असा एकही सापडेना. कारण असा गोल निवत जातो, दृश्य प्रकाशात जवळजवळ दिसेनासा होतो. उरते ती ऊब, म्हणजे अवरक्त प्रारण. त्यातून तो एखाद्या ताऱ्याला चिकटून असेल तर त्या झगमगाटात हरवतो.

ऊन डोळ्यांवर आलं की आपण कपाळाशी हात धरतो. पालोमार वेधशाळेच्या ६० इंची दुर्बिणीवर ऑक्टोबर १९९४मध्ये नाकाजिमा, ओपेनहायमर, कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी हेच केलं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तयार झालेल्या किरीटदर्शकाने मधला तारा झाकला. ग्लीझ २२९ या सुमारे १९ प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याशेजारी एक फिकट ठिपका उरला. तो मागच्या आकाशातला कुणी परका असू शकत होता, म्हणून त्यांनी वर्षभर थांबून पाहिलं. आकाशात तारा जितका सरकला तितकाच ठिपकाही सरकला. मग २०० इंची दुर्बिणीने अवरक्त वर्णपट घेतला आणि त्यात मिथेन निघाला. मिथेन ताऱ्याच्या आचेत टिकत नाही; गुरूच्या वातावरणात मात्र तो आहे. ठिपका निर्विवाद तपकिरी बटू ठरला; त्याचं नाव ग्लीझ २२९ बी. १९९५च्या अखेरीस हा शोध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

तारा झाकता येतो. पण आकाश आणि खुद्द दुर्बीण कशी झाकणार? हवेतली वाफ बरेच अवरक्त किरण गिळते. सुमारे ८५ ते ९० किलोमीटरवर हायड्रॉक्सिल रेणू रात्रभर अवरक्तात उजळत असतात. या वातप्रभेचा अभ्यास कोल्हापुरातूनही झाला आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे आणि शिवाजी विद्यापीठाचे संशोधक तिच्यातून वरच्या वातावरणातल्या लाटा वाचतात. एकाला जो अडथळा, तोच दुसऱ्याचा विषय! शिवाय दुर्बीण स्वतः कोमट असते, म्हणजे तीही अवरक्तात चमकते. वाफ टाळण्यासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटीमीटरची दुर्बीण हैदराबादहून फुग्याने स्थितांबरात चढवली. दुर्बिणीची स्वतःची ऊब टाळण्यासाठी १९८३चा आयरास उपग्रह द्रव हेलियमने थंड ठेवला होता. २००३मध्ये अवकाशात गेलेल्या स्पिट्झर दुर्बिणीचा हेलियम २००९मध्ये संपला, तेव्हा तिची लांब तरंगलांबीची उपकरणं थांबली. २०२१मध्ये निघालेल्या जेम्स वेब दुर्बिणीला पाच पदरी सूर्यछत्र आहे, आणि तिचं एक उपकरण शीतयंत्राने ७ केल्विनच्या खाली ठेवावं लागतं. वाइज आणि स्पिट्झर या अशाच दुर्बिणींमुळे २०१४मध्ये सुमारे सात प्रकाशवर्षांवर बर्फाहून थंड तपकिरी बटू सापडला.

ग्लीझ २२९ बीची कथा मात्र संपलेली नव्हती. त्याचं वस्तुमान गुरूच्या सुमारे ७१ पट भरलं. एवढ्या जड गोलाच्या मानाने तो फारच मंद होता. गणित चुकलं की माप, हे कळेना. चिलीतल्या दुर्बिणी एकत्र जोडून पाहिल्यावर २०२४मध्ये उत्तर मिळालं. तो एक नाहीच, दोन आहेत, गुरूच्या सुमारे ३८ आणि ३४ पट वस्तुमानाचे, बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे. त्याच वर्षी कुलकर्णींना शॉ पारितोषिक मिळालं, तेही स्पंदक, गॅमा-किरण स्फोट आणि बदलत्या आकाशाच्या कामासाठी. तपकिरी बटू ही त्यांची मधलीच एक मुशाफिरी.

खगोलशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या मुलांना आपण गणित पक्कं करायला सांगतो, ते योग्यच. पण तीस वर्षं एकच ठिपका म्हणून गणला गेलेला गोल दोन निघाला, तो नव्या समीकरणामुळे नव्हे, नव्या यंत्रामुळे. उद्यमनगरात लोखंड ओतणाऱ्या आणि लेथवर सूत पकडणाऱ्या कोल्हापूरला हे तरी वेगळं सांगायला नको.