उदबत्ती कुणाच्या हातात?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरातली बाई कुठे असते, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. पूजेची मांडामांड, लाह्या-बत्तासे वाटणं, आल्यागेल्याला फराळाची ताटली, आणि आत कुकरची शिट्टी. बाहेर अंगणात फटाके चाललेले असतात. ते आणले कुणी, पेटवतंय कोण, पोरं किती लांब उभी आहेत, यातलं काहीच आपल्यापर्यंत पोचत नाही. आपल्याला हाक येते ती एकदमच. ‘‘अगं, लवकर बाहेर ये, भाजलंय!’’ तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

बार्शीत आमच्या कॉलनीत बारा घरं आहेत. २०१६च्या दिवाळीत त्यातल्या एका घरच्या आठवीतल्या मुलाने भुईनळा लावला. तो पेटेना, म्हणून तो वाकून बघायला गेला आणि त्याच क्षणी भुईनळा उसळला. गाल भाजला, उजवा डोळा गेला. आई देवापुढून धावत आली, तिने डोळ्यावर पाण्याचे हबके मारले. शेजारणीने गालावर टूथपेस्ट थापली. सगळ्यांनी मायेपोटीच केलं. रात्रीच सोलापूरला नेलं, पुढे दोन शस्त्रक्रिया झाल्या. आज तो मुलगा नोकरीला लागलाय, पण त्या डोळ्याला उजेड आणि अंधार यापलीकडे काही कळत नाही.

त्यानंतर कॉलनीत दोन तट पडले. एक म्हणे, फटाके बंदच करा. दुसरे म्हणे, एका मुलाचं चुकलं म्हणून सगळ्यांची दिवाळी का घालवायची? मला दोन्ही पटेना. बंद म्हटलं की पोरं गल्लीच्या टोकाला, मोठ्यांच्या नजरेआड जाऊन वाजवतात, हे मी समाजकार्याच्या निमित्ताने फिरताना पाहिलेलं आहे. आणि चूक त्या मुलाची नव्हतीच. तेरा वर्षांच्या पोराच्या हातात दारू भरलेलं मडकं देऊन बारा घरांतली मोठी माणसं आपापल्या कामात होती. तिथे जबाबदार असं कुणी नव्हतंच.

मग आम्ही बायकांनी ठरवलं, की बारा घरांचे फटाके एकत्र, एका जागी, एकाच माणसाच्या हातून. २०१७पासून हे चालू आहे. २०२०ला करोनामुळे नव्हतं, बाकी दरवर्षी होतं. घरटी वर्गणी काढतो. ज्या घरी जमत नाही तिथे मागायला जात नाही, पण त्या घरची पोरं सगळ्यांत पुढे बसतात. पूर्वी एका दारात हजाराची माळ आणि शेजारच्या दारात पोर नुसतं बघत उभं, असं व्हायचं. ते आपोआप थांबलं.

खरेदीला आम्ही दोघी जातो. पुरुषमंडळी गेली की दुकानदाराच्या ‘‘साहेब, हा नवीन आयटम बघा’’ला भुलतात, हा माझा अनुभव. (रागावू नका, पण खरं आहे.) परवाना असलेल्या स्टॉलवरूनच घ्यायचं. खोक्यावर कंपनीचं नाव, पत्ता, कसं पेटवायचं ते छापलेलं असलं पाहिजे. सुटे, कागदात गुंडाळलेले, ‘घरगुती’ म्हणून स्वस्तात मिळणारे घ्यायचे नाहीत. त्यात काय आणि किती भरलंय ते देवालाच माहीत. सुप्रीम कोर्टाने २३ ऑक्टोबर २०१८ला निकाल दिला, त्यात बेरियमची रसायनं वापरलेले फटाके आणि एकाला एक जोडलेल्या लांब माळा, दोन्हींवर बंदी आली. कमी धुराचे ‘ग्रीन’ फटाके वापरा, असं सांगितलं. त्यांचं सूत्र आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेत तयार झालं आणि स्फोटकांवर देखरेख ठेवणारी पेसो ही केंद्राची संघटनाही नागपूरचीच. खोक्यावर हिरवं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो, मुलांना मोबाइलवर तपासायला सांगा. मात्र ग्रीन म्हणजे थंड नव्हे. धूर थोडा कमी होतो, पण चटका तेवढाच बसतो.

काय घ्यायचं हेही ठरलेलं आहे. फुलबाज्या, भुईचक्रं, भुईनळे, नागगोळ्या नाहीत (फार धूर), सुतळी बॉम्ब नाहीत, आणि बाण नाहीत. बाणांवरून दरवर्षी कुरकुर होते. पण आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला शेतात सोयाबीनच्या गंज्या लागलेल्या असतात, कडबा रचलेला असतो. कॉलनीच्या मागे तर रस्ता ओलांडला की शिवारच सुरू. बाण कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही. कुणाचं वर्षभराचं पीक आपल्या पाच मिनिटांच्या गमतीत जळलं, तर कुठल्या तोंडाने उभं राहायचं? ज्यांच्याकडे खरंच मोकळं रान आहे त्यांनी लावावेत, पण काचेच्या बाटलीत नको. वाळूने भरलेल्या बादलीत पाइपचा तुकडा पक्का रोवायचा, बाण त्यात सैल बसला पाहिजे, आणि तोंड माणसांच्या विरुद्ध दिशेला जरासं कललेलं हवं.

आणलेला माल कोरड्या जागी, पत्र्याच्या झाकणाच्या ट्रंकेत ठेवायचा. देवघराजवळ नाही, गॅसजवळ तर नाहीच. ओल धरली म्हणून तव्यावर शेकणारे महाभाग मी पाहिलेत. ओल धरली असेल तर सरळ पाण्यात टाकावं.

आता जागा. गच्चीवर, जिन्यात, बोळात नको. आमच्याकडे मधलं मोकळं अंगण आहे. दुपारीच ते झाडून घेतो, पालापाचोळा उचलतो, पाणी मारतो. गाड्या पलीकडे लावायच्या, दोऱ्यांवरचे कपडे काढायचे, आकाशकंदील आणि वायरी बरोबर डोक्यावर येत नाहीत ना ते बघायचं. अंगणाकडच्या खिडक्या बंद करायच्या. प्रत्येक घरात सिलिंडरचा कॉक बंद, हे मी स्वतः विचारून घेते. त्यामुळे एक गंमत अशी झाली, की त्या तासाभरात कुणाच्याच घरी काही शिजत नाही आणि बायकांना बाहेर खुर्चीत बसावंच लागतं!

पेटवण्याच्या जागेपासून दहा-बारा मोठी पावलं मोजून चुन्याची रेघ मारायची. रेघेच्या आत एकच माणूस. बाकी सगळे, लहान-थोर, रेघेबाहेर. ही रेघ गेली काही वर्षं तोच मुलगा मारतो, ज्याचा डोळा गेला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. तो आला आणि त्याने चुन्याचं घमेलं उचललं. तो मारतो म्हणून की काय, पोरं ती रेघ ओलांडत नाहीत.

पेटवणारा माणूस आधी ठरलेला असतो आणि इथेच खरी कसोटी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक भाऊजी पुढे झाले. ‘‘द्या इकडे, पंधरा वर्षं लावतोय मी.’’ दोन पावलांवरून वास येत होता. सणाचा दिवस, त्यांची बायको माझ्याशेजारी मान खाली घालून बसलेली. कुणी काही बोलेना. तेवढ्यात कोपऱ्यातल्या घरच्या आजी उठल्या, ऐंशीच्या पुढच्या, त्यांनी उदबत्ती स्वतःच्या हातात घेतली आणि म्हणाल्या, ‘‘बाळ, एका जागी दोन दारू नकोत रे. आज तू बस माझ्यापाशी.’’ सगळे हसले, तेही हसले आणि बसले. त्यानंतर आम्ही नियमच केला की ज्याने घेतली आहे त्याच्या हातात उदबत्ती नाही. मैत्रिणींनो, हे वाक्य आयत्या वेळी बोलणं अवघड जातं. आठवडाभर आधी, सगळ्यांसमोर, कुणाचं नाव न घेता बोलून ठेवलं की सोपं जातं.

सध्या पेटवतात ते एक निवृत्त शिक्षक, आणि त्यांच्या हाताखाली कॉलेजातली एक मुलगी. अंगात सुती सदरा, पायांत बूट, डोळ्यांवर गाडी चालवतानाचा गॉगल (काचा पांढऱ्या, काळ्या नव्हेत), कपाळावर बॅटरी. अमावास्येचा काळोख असतो, वात कुठे आहे तेच दिसत नाही आणि मग माणूस वाकतो. लांब उदबत्ती काठीला बांधलेली. काडेपेटी किंवा लायटर नाही, कारण ज्योत वातीला लागली तरी उजेडात कळत नाही आणि हात जवळ जातो. फटाका सपाट विटेवर ठेवायचा, बाजूला उभं राहून, हात लांब करून, तोंड फिरवून वात पेटवायची आणि मागे यायचं. दोन भुईनळ्यांमध्ये चार-पाच पावलांचं अंतर. तडा गेलेला, दारू गळणारा भुईनळा लावायचाच नाही. असे भुईनळे वर उडण्याऐवजी फुटतात. करवंटी, डबा, मडकं यांच्याखाली फटाका ठेवून वाजवायचा खेळ आमच्याकडे पूर्ण बंद आहे. डब्याचे तुकडे सुरीसारखे येतात.

सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे उघडं खोकं. ठिणगी उडून त्यात पडली की सगळा माल एकदम पेटतो. म्हणून ट्रंक लोकांच्याही मागे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, झाकण लावून. ती मुलगी एका वेळी एकच नग आणून देते आणि झाकण लावूनच येते. खिशात तर फटाका कधीच नाही.

फुलबाजीला आपण फार निरुपद्रवी समजतो. दोन वर्षांच्या बाळाच्या हातात देऊन फोटो काढतो. पण तिचं टोक हजार अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापतं. कढईतल्या उकळत्या तेलाच्या चार-पाच पट! विझल्यावरही तार लालभडक असते आणि अनवाणी पाय नेमका तिच्यावर पडतो. म्हणून फुलबाज्यांचा कार्यक्रम आधी, मोठ्यांच्या हाताखाली, दोन पोरांत दोन हातांचं अंतर ठेवून, आणि संपलेली तार थेट पाण्याच्या बादलीत. पायांत चप्पल हवीच.

कपड्यांचं बोलायलाच हवं. दिवाळीत आपण छोट्या मुलींना घेरदार, आत नायलॉनचं अस्तर असलेले फ्रॉक घालतो. स्वतः जॉर्जेटची साडी नेसतो. नायलॉन पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. पूजेला हवं ते नेसा, पण अंगणात यायच्या आधी सुती घाला, पदर खोचा, ओढणी मागे गाठ मारून बांधा. पाच मिनिटांचं काम आहे.

न वाजलेल्या फटाक्याला आमच्याकडे ‘पाव्हणा’ म्हणतात. त्याच्याकडे कुणी जायचं नाही, पुन्हा पेटवायचं नाही. अर्धा तास तसाच राहू द्यायचा, मग लांबूनच बादलीभर पाणी ओतायचं. दोन बादल्या पाणी, एक वाळू आणि नळाला जोडलेली पाइप आधीपासून तयार असते.

तरी भाजलंच, तर काय? वाहत्या नळाखाली, साध्या पाण्याखाली भाजलेला भाग वीस मिनिटं धरा. घड्याळ लावून. दोन मिनिटांत पोर रडायचं थांबतं म्हणून आपण बंद करतो, तसं नको. बर्फ नको, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, काही नको. डॉक्टरांना ते खरवडून काढावं लागतं आणि पोराला दुप्पट दुखतं. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आत काढा. स्वच्छ सुती कापडाने सैलसर झाका आणि दवाखाना गाठा. कपडे पेटले तर पळू देऊ नका, जमिनीवर लोळवा. डोळ्याला इजा झाली तर चोळायचं नाही, धुवायचं नाही, दाबायचं नाही. कागदी कप किंवा छोटी वाटी डोळ्याला न टेकता वरून धरायची आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. १०८ला फोन करा. त्या रात्री गावातले कुठले डॉक्टर उघडे आहेत हे दुपारीच विचारून कागदावर लिहून ठेवा.

आमचा सगळा कार्यक्रम चाळीस मिनिटांचा. आठला सुरू, नऊच्या आत संपतो. कोर्टाने दिवाळीच्या रात्री आठ ते दहा वेळ दिलेली आहे आणि दवाखाना, शाळा यांच्या शंभर मीटरच्या आत वाजवायला मनाई आहे. आपल्या पालिकेची आणि पोलिसांची त्या वर्षीची सूचनाही बघून घ्यावी. दम्याची आजी ज्या घरी आहे, ज्या घरी बाळंतीण आहे, त्यांना मी आधी सांगून येते, म्हणजे त्या दारं-खिडक्या लावून घेतात. कुत्र्यांनाही आत घ्यायचं.

खरं काम मात्र दुसऱ्या दिवशी पहाटेचं. पोरं उजाडायच्या आत फुसके फटाके गोळा करायला निघतात. ते फोडून, दारू कागदावर जमवून, काडी लावतात. डॉक्टरांना विचारा, चेहरा भाजलेली किती मुलं त्यांच्याकडे याच सकाळी येतात. म्हणून रात्रीच, झोपायच्या आधी, आम्ही चौघी खराटे घेऊन अंगण झाडतो. निघेल ते सगळं पाण्याच्या टिपाडात रात्रभर भिजत ठेवतो. सकाळी भिजका लगदा वेगळ्या पोत्यात भरून, आत काय आहे ते सांगूनच झाडलोटीच्या ताईंच्या हाती देतो, आणि फुलबाज्यांच्या तारा भंगारवाल्यासाठी बाजूला ठेवतो. गेल्या वर्षी त्या तारांचे चाळीस रुपये आले. आजींनी ते यंदाच्या उदबत्त्यांसाठी डब्यात ठेवलेत.