खवळलेला समुद्र आणि माशाची इंद्रिये

विदर्भातील तलावांच्या संथ पाण्यात गळ टाकण्याचा छंद जडलेला हुडकेश्वरचा एखादा गृहस्थ सुमारे 800 किलोमीटरचा मुलूख ओलांडून कोकणात उतरतो आणि देवबागेस, जेथे कर्ली नदी अरबी समुद्रास मिळते तेथे, फुटत्या लाटांसमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या पेटीतील नाजूक, रंगीबेरंगी कृत्रिम आमिषे बहुधा कुचकामी ठरतात. कारण त्यांची पारख माणसाच्या नेत्रांनी झालेली असते, माशाच्या इंद्रियांनी नव्हे. मत्स्यस्वभाव ओळखून आमिष योजावे, हा विचार आपल्याकडे जुना आहे: कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदास स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

लाट फुटते तेथे वाळू आणि हवेचे बुडबुडे मिसळून पाणी अपारदर्शक होते. अशा वेळी मासा दृष्टीपेक्षा देहाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या पार्श्वरेषेवर अधिक विसंबतो, कारण जलातील सूक्ष्म कंपने तिला जाणवतात. रावसाला तर वक्षपरांखाली प्रत्येक बाजूस 4 मोकळे तंतू असतात आणि गढूळ पाण्यात तो त्यांनी भक्ष्य चाचपतो. म्हणून आमिष रंगापेक्षा हालचालीने बोलणारे हवे. पुढे ओठासारखी पट्टी असलेला कृत्रिम मासा ओढताच पाण्यात रुततो, थरथरतो आणि लाटेच्या रेट्यातही दिशा सोडत नाही. पृष्ठभागावर खळखळाट करणारे आमिष मात्र लाटांच्या गर्जनेत हरवते.

समोरून वारा असेल, तर 30 ते 40 ग्रॅम वजनाचा धातूचा चमचा त्याला भेदून दूरवर पोहोचतो. शुभ्र रंग फेसात विरतो, तर गडद आकृती खालून पाहणाऱ्या माशाला आकाशाच्या उजेडावर स्पष्ट दिसते. आमिष ओढावे तेही सावकाश, आणि टाकावे ते फेसात नव्हे, तर दोन फुटत्या लाटांच्या रांगांमधील खोल, काळसर पट्ट्यात.

या साऱ्या तजविजीहून ऋतूचा विचार श्रेष्ठ आहे. 1 जून ते 31 जुलै या काळात सरकारची मनाई यांत्रिक नौकांना असली, तरी तिच्यामागील दोन्ही हेतू, म्हणजे मत्स्यप्रजननाचे व मनुष्यप्राणाचे रक्षण, किनाऱ्यावरील छंदिष्टासही बंधनकारक वाटले पाहिजेत; जिताड्यासारखा मासा पावसाळ्यात नदीमुखाशीच अंडी घालतो. नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून मगच नौका लोटण्याचा कोळी समाजाचा शिरस्ता आपणही पाळावा. खवळलेल्या पाण्याचे दिवस त्यानंतरही पुष्कळ लाभतात.