कॉलेज करता करता लष्करात अधिकारी

गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब आटोपला की विषय मुलींवर येतो. पोरगी बी.ए.ला आहे, पुढे काय? पोलीस भरतीच्या पलीकडे आपल्याला फारसं सुचत नाही. आज आम्ही आणखी एक वाट सांगतो. पदवीचं शिक्षण घेताना लष्करात अधिकारी होण्याची तयारी करता येते.

या वाटेची सुरुवात कॉलेजातल्या एन.सी.सी.मधून, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेनेतून होते. १९४८ च्या कायद्याने ती स्थापन झाली. कवायत, नकाशावाचन, रायफलचा नेम, प्रथमोपचार हे सगळं तिथे शिकवतात, शिबिरंही होतात. एन.सी.सी.त नाव घातलं की मुलीला सीमेवर पाठवतात, अशी भीती काहीजणी बोलून दाखवतात. तसं अजिबात नाही. लष्करात जायचं की नाही, हे पुढे तिनेच ठरवायचं असतं.

साधारण दुसऱ्या वर्षी 'बी' आणि तिसऱ्या वर्षी 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा होते. परेडची हजेरी ७५ टक्के लागते. म्हणून नाव पहिल्याच वर्षी घालावं. उशीर झाला तर तीन वर्षांत 'सी' पुरं होत नाही.

'सी' प्रमाणपत्रात किमान 'बी' श्रेणी आणि पदवीला ५० टक्के गुण असले, की एन.सी.सी. विशेष प्रवेशातून अर्ज करता येतो. वय १९ ते २५ लागतं. शेवटच्या वर्षाच्या मुलीही अर्ज करू शकतात. लेखी परीक्षा नसते. निवडलेल्या अर्जदारांना थेट निवड मंडळासमोर बोलावतात. पाच दिवस तिथे राहून मानसशास्त्रीय चाचण्या, गटातली कामं आणि मुलाखत द्यायची, मग वैद्यकीय तपासणी. मुलींच्या जागा मोजक्याच असतात, तेव्हा तयारी कसून हवी. अर्ज लष्कराच्या संकेतस्थळावर भरायचा, त्याला फी नाही. 'पैसे द्या, निवड करून देतो' म्हणणारा माणूस फसवतोय, हे पक्कं समजा.

निवड झाली तर चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत ४९ आठवडे प्रशिक्षण होतं. या काळात सरकार विद्यावेतन देतं. ते पूर्ण झालं की मुलगी लेफ्टनंट होते. नेमणूक सुरुवातीला १० वर्षांची असते. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हापासून महिला अधिकाऱ्यांना कायम नेमणुकीचीही दारं उघडली.

आता आयांसाठी महत्त्वाची गोष्ट. अर्ज करणारी मुलगी अविवाहित असावी लागते आणि प्रशिक्षण पुरं होईपर्यंत लग्न करता येत नाही. दुसऱ्या वर्षाला असतानाच चांगलं स्थळ आलं म्हणून आपण तिला उजवली, तर तिची हुशारी, तिची परेड, काहीच कामाला येत नाही. ही वाट तिथेच बंद होते. स्थळं पुढेही येतील, पण पंचविशीनंतर हा अर्ज भरता येणार नाही.

निवड झाली नाही तरी मेहनत वाया जात नाही. इतर काही भरतींमध्ये 'सी' प्रमाणपत्राला जादा गुण मिळतात, आणि चारचौघांत बोलायचा धीर येतो तो वेगळाच.

तेव्हा प्रवेशाच्या वेळी कॉलेजात एवढं जरूर विचारा: इथे एन.सी.सी. आहे का, मुलींना घेतात का, आणि निवड कधी आहे? आईला जमलं नाही तर गटातल्या कुणीतरी मुलीसोबत जा.