कागद एकाचा, पात्र सगळ्यांचं

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकाचं एक काल्पनिक पात्र असतं, कुणाचा योद्धा, कुणाची जादूगारीण. सूत्रधार प्रसंग उभा करतो, आपलं पात्र काय करतं ते खेळाडू सांगतात आणि यशाची खात्री नसेल तिथे फासे पडतात. टेबलटॉप रोलप्लेइंगच्या या खेळाला पट लागत नाही, सोंगट्याही लागत नाहीत. बहुतेक वेळा प्रत्येकापुढे एक कागद मात्र असतो, त्याला म्हणतात कॅरॅक्टर शीट. पात्राचं नाव, गुण, कौशल्यं, जवळची हत्यारं आणि किती मार सोसता येईल ते सांगणारे हिट पॉइंट्स, हे सगळं त्यावर मांडलेलं असतं. हा कागद ज्याचा त्याचा खासगी ऐवज वाटतो. पण त्याचा इतिहास पाहिला की पटतं, शीटमध्ये इतरांचा हात जितका लागतो, तितकं पात्र जिवंत होतं.

आकडे आणि निवड

१९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा इथे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. पेटीत तीन छोट्या पुस्तिका होत्या, छापील शीट नव्हती. खेळाडू साध्या कागदावर नोंदी करत. पात्राचे गुण सहा : बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि इतरांवर पडणारी छाप. प्रत्येक गुणासाठी तीन फाशांची बेरीज, म्हणजे ३ ते १८ मधला आकडा. पूर्ण १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक. मूळ नियमांनुसार हे फासे सूत्रधाराने टाकायचे होते. म्हणजे पात्राचा पाया पहिल्यापासूनच दुसऱ्याच्या हातून घातला जाई.

पहिल्या पुस्तिकेत झायलार्थेन नावाचं नमुन्याचं पात्र आहे. बळ ६, बुद्धी ११, शहाणपण १३. आकडे पाहता त्याची प्रगती धर्मोपदेशक म्हणून लवकर झाली असती, पण खेळाडूला जादूची ओढ म्हणून तो जादूगार होतो. आकडे दिलेले, निवड आपली. पुढच्या सगळ्या शीटचं बीज या छोट्याशा उदाहरणात आहे.

छापील शीट बनवण्यात चाहते पुढे होते. १९७५ साली ‘वी वॉरियर्स’ या छोट्या प्रकाशनाने ‘कॅरॅक्टर आर्केइक’ हा शीटचा संच विक्रीला आणला. मूळ प्रकाशक टीएसआरच्या शीट नंतर आल्या. पाठोपाठ प्रत्येक खेळाने आपला स्वभाव कागदावर उतरवला. मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये (१९७७) माणूस सहा अंकी ओळीत मावतो. नोकरीतली वर्षं फाशांनी ठरतात आणि फासे उलटे पडले तर खेळ सुरू होण्याआधीच पात्र मरतं. सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’च्या (१९८१) शीटवर मनःस्वास्थ्याचा आकडा असतो. भयंकर काही पाहिलं की तो उतरतो.

असा आकडा खोडून नवा लिहिणं हे खेळाडूचं एकट्याचं काम नसतं. सातबाऱ्यावरच्या प्रत्येक बदलामागे जशी फेरफार नोंद असते, तसा शीटवरच्या प्रत्येक बदलामागे टेबलावर सगळ्यांदेखत घडलेला प्रसंग असतो. तलवार मिळाली, जखम झाली, शपथ मोडली. साक्षीदार आहेत म्हणूनच त्या नोंदीला वजन आहे.

दुसऱ्याच्या शीटवर आपली अक्षरं

१९८७च्या ‘आर्स मॅजिका’मध्ये, जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. जादूगारांच्या सेवेतले साधे शिपाई कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. त्यांच्या शीट सामाईक असतात, ज्याला हवा त्याने त्या दिवशी तो शिपाई खेळावा. जादूगार जिथे राहतात त्या मठवजा वसाहतीचीही वेगळी नोंद ठेवली जाते.

जेसन मॉर्निंगस्टार यांच्या ‘फियास्को’मध्ये (२००९) शीटच नाही. शेजारी बसलेल्या दोघांच्या मधोमध एक कार्ड असतं आणि त्यावर त्यांचं नातं लिहिलेलं असतं. ते कार्ड दोघांचं. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये (२०१०) खेळाची बैठक संपताना खेळाडू सांगतो, आज मला कोण अधिक ओळखू लागलं. मग त्या दुसऱ्या खेळाडूने आपल्या शीटवर एक आकडा वाढवायचा. मला कोण किती ओळखतं, याची नोंद माझ्याकडे नाही, तुझ्याकडे! माणसाच्या ओळखीबद्दल इतकं खरं विधान मी खेळांच्या नियमांत क्वचित वाचलं आहे.

२०१७ मध्ये आलेल्या ‘डी अँड डी बियाँड’सारख्या सेवांनी शीट पडद्यावर नेली. बेरजा आपोआप होतात, दूरच्या मित्रांना ती दिसते. सोय मोठी आहे. पण बदल तोंडाने सांगायची सवय मात्र जपायला हवी. आकडा गुपचूप बदलला, तर त्यामागचा प्रसंग टेबलावर कुणाच्याच वाट्याला येत नाही.

कोरा तक्ता कुणाचा?

शीट वाटून घेण्याला कायद्याचाही आधार आहे. १८७९ साली ‘बेकर विरुद्ध सेल्डन’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, जमाखर्चाच्या पद्धतीवर आणि तिच्या कोऱ्या तक्त्यांवर कॉपीराइट सांगता येत नाही. नुसत्या नोंदीसाठी असलेल्या कोऱ्या फॉर्मना तिथे आजही हे संरक्षण नाही. चित्रं आणि मजकूर यांची गोष्ट वेगळी. शिवाय अनेक प्रकाशक शीटच्या तळाशी वैयक्तिक वापरासाठी झेरॉक्स काढायची परवानगी स्वतःहून छापतात. जानेवारी २०२३ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. श्रेय देऊन त्यांचं भाषांतर करायला, ते छापायला आणि वाटायला मुभा आहे.

म्हणजे मराठी शीट तयार करायला कुणाची आडकाठी नाही. ती कुणीतरी जरूर करावी. आणि ती करताना दोन-तीन ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवाव्यात : या पात्राचा जीव कुणी वाचवला, त्याचं गुपित कुणाला माहीत आहे, त्याच्यावर कुणाचा राग आहे. या ओळी ज्याचं पात्र त्याने भरू नयेत. शेजाऱ्याच्या हाती पेन्सिल द्यावी.