दोन शक्तींची गाडी

'हायब्रीड' हा शब्द महाराष्ट्रातील शेतकऱ्यास नवा नाही. १९६० नंतरच्या दशकात संकरित ज्वारीचे बियाणे गावोगाव पोहोचले आणि हा शब्द बोलीभाषेत रुळला. दोन वाणांचे गुण एकत्र यावेत म्हणून बियाण्याचा संकर करतात. त्याचप्रमाणे संकरित मोटारगाडीत पेट्रोलचे इंजिन व विजेची मोटर या दोन शक्तींचा संयोग केलेला असतो. जपानमध्ये १९९७ साली टोयोटा प्रियस ही अशी गाडी विक्रीस आली व तेव्हापासून या गाड्यांचा प्रसार होत गेला.

साध्या गाडीचा ब्रेक दाबला, की तिच्या गतीतील ऊर्जा घर्षणाने उष्णतेत रूपांतरित होऊन वाया जाते. संकरित गाडीत मात्र वेग कमी करताना हीच विजेची मोटर जनित्राचे काम करते. सायकलच्या चाकाला लावलेला डायनामो जशी वीज निर्माण करतो, तशीच वीज येथे चाकांच्या गतीपासून निर्माण होऊन बॅटरीत साठते. पुढे गाडी वेग घेऊ लागली, की चढावर जुंपलेल्या दुसऱ्या बैलजोडीप्रमाणे ही मोटर इंजिनाच्या मदतीस येते. गाडी थांबली असता इंजिन बहुधा बंद राहते, त्यामुळे पेट्रोल व्यर्थ जळत नाही.

आता जयसिंगपूरच्या एखाद्या कुटुंबाने अशी सेडान, म्हणजे सामानासाठी मागे स्वतंत्र बंदिस्त कप्पा असलेली गाडी, घेण्याचे मनात आणले आहे असे मानू. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या वडिलांच्या नावे वसविलेले हे व्यापारी गाव. जेथे दोन्ही पारडी नीट पाहूनच सौदा होतो, तेथे गाडीचा सौदाही त्याच रीतीने व्हावा हे उचित होय.

प्रथम लाभाचे पारडे पाहू. २०२२ साली भारतात आलेल्या संकरित होंडा सिटीचे प्रमाणित अंतर लिटरला २६.५ किलोमीटर होते, तर त्याच गाडीच्या साध्या पेट्रोल प्रकाराचे सुमारे १८ किलोमीटर. एक लिटर पेट्रोल जळाले असता सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. अर्थात, जितके इंधन वाचेल तितकी हवाही निर्मळ राहील.

दुसरे पारडेही रिकामे नाही. संकरित गाडीची किंमत अधिक असते. बॅटरी जागा व्यापते, म्हणून त्याच गाडीचा सामानाचा कप्पा ५०६ लिटरवरून ३०६ लिटरवर आला. हमीची मुदत संपल्यानंतर बॅटरी बदलावी लागल्यास मोठा खर्च येतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांनुसार केवळ विजेवर चालणाऱ्या गाडीवर ५ टक्के, तर अशा मोठ्या संकरित गाडीवर ४० टक्के कर आहे.

मग कोणते पारडे जड? याचा निर्णय गणिताने करावा. समजा, किमतीतील फरक ४ लाख रुपये व पेट्रोल लिटरला १०० रुपये आहे. वर्षाला १०,००० किलोमीटर प्रवास करणाऱ्या कुटुंबाचे सुमारे १७८ लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे १७,८०० रुपये वाचतील. या हिशेबाने अधिक दिलेली रक्कम भरून निघण्यास बावीस वर्षांहून अधिक काळ लागेल! परंतु वर्षाला ३०,००० किलोमीटर फिरणाऱ्याची तीच रक्कम सुमारे साडेसात वर्षांत वसूल होईल.

रस्त्याचाही विचार हवा. वारंवार थांबावे लागणाऱ्या गर्दीच्या शहरात या गाडीची बचत अधिक होते. मोकळ्या महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना ती कमी होते. कोल्हापूर जयसिंगपूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. ऊसगाळपाच्या हंगामात ट्रॅक्टरांच्या रांगेमागे रखडणारी गाडी आणि मोकळ्या रस्त्याने धावणारी गाडी यांचा इंधनखर्च सारखा कसा असेल?

चार लाख रुपये ही लहान रक्कम नव्हे. तीत एखाद्या मुलीच्या उच्च शिक्षणाची सोय होऊ शकते. म्हणून शेजाऱ्याने घेतली एवढ्यावरून गाडी घेणे जसे अविचाराचे, तसेच नवी आहे म्हणून तिला नाकारणेही अविचाराचे. यंत्राचे गुण यंत्रात असतात. परंतु त्यांचा लाभ आपल्या गरजेवर व वापरावर अवलंबून असतो. ज्याने आपला वर्षाचा प्रवास नीट मोजला, त्याला योग्य निवड करणे कठीण जात नाही.