दुपारची भुतं

वऱ्हाडातली भुतं रात्रीपेक्षा दुपारी जास्त हिंडतात. सारा उन्हाचा प्रताप. मे महिन्यात पारा 45 कडे सरकला की आमच्या गावी, नांदगाव पेठेत, बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही. रात्री मात्र अंगणात बाजेला बाज लागलेली, मधे पाण्याचा माठ, आणि आत्या-काकूंच्या न संपणाऱ्या गप्पा. एवढ्या गर्दीत भुतानं यायचं कुठून? म्हणून घरच्या म्हाताऱ्यांचा सगळा धाक दुपारचा आणि पाण्यातल्या जलदेवतांचा, आसरांचा: "भर दुपारी इहिरीवर नोको जाऊ रे पोट्ट्या, आसरा राह्यतेत तथी."

सुट्टी लागली की अमरावतीला मामाकडे रवानगी व्हायची. शहरात विहीर बुजलेली, पिंपळाखाली पानठेला. तेव्हा भीतीची सोय पुस्तकांतून करावी लागे. दारं-खिडक्या लावलेली खोली, कुलर, वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास, आणि त्या दमट हवेनं फुगून पोळीसारखी झालेली वाचनालयाची पुस्तकं. कुलरमधलं पाणी संपलं की पंप खडखडायचा आणि मामी माझ्याआधी दचकायची, कारण पुढचं प्रकरण माझ्या आधी तिनं वाचलेलं असायचं.

सुरुवात 'चांदोबा'पासून. मद्रासहून निघणारं हे मासिक 1952 पासून मराठीत यायचं. विक्रम-वेताळाची चित्रं काढणारे शंकर 2020 मध्ये गेले, तेव्हा कित्येकांना त्यांचं नाव पहिल्यांदा कळलं असेल. राजाच्या खांद्यावरचं ते प्रेत मात्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. पण खरं सांगायचं तर वेताळाची भीती कधी वाटली नाही. तो भूत कमी आणि वकील जास्त.

भीती आणली नारायण धारपांनी. त्यांच्या समर्थ आणि अप्पा जोशी या पात्रांच्या कथा रंगतदार खऱ्या, पण वाचवणारा येणार हे ठाऊक असलं की थरार निम्मा होतो. 'लुचाई' या कादंबरीत तो दिलासा मला सापडला नाही. ती स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे हे पुढे कॉलेजात कळलं, आणि त्याचं फारसं काही वाटलं नाही. तोवर तिच्यातलं गाव माझ्यापुरतं मराठी झालेलं होतं. रत्नाकर मतकरींची गोष्ट निराळी. त्यांची भीती पडक्या वाड्यात कमी आणि शेजारच्या खोलीतल्या माणसात जास्त. 17 मे 2020 ला करोनानं त्यांचा बळी घेतला. त्या उन्हाळ्यात अमरावतीच्या रात्रीही दुपारइतक्याच ओस होत्या, आणि भयकथा हातात धरवेना.

लोककथांकडे मी वळलो तो तेव्हा. अंजनगाव सुर्जीचे मधुकर वाकोडे यांचं 'लोकप्रतिभा आणि लोकतत्त्वे' काढलं, आणि शाळेत परीक्षेपुरतं चाळलेलं 'लीळाचरित्र' सावकाश वाचायला घेतलं. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी लिहिल्या त्या रिद्धपूरला, आमच्याच जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात. ज्यानं पाहिलं-ऐकलं त्याला गाठायचं, विचारायचं, नागदेवाचार्यांकडून खातरी करून घ्यायची. आजचा लोकसाहित्याचा अभ्यासक याहून वेगळं काय करतो? आणि त्यात ती कथा: भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरपाळदेव वारतो, त्याला स्मशानात नेतात, आणि चांगदेव राऊळ आपला देह टाकून त्या देहात शिरतात, हरपाळदेव उठून बसतो. महानुभाव पंथीयांसाठी ही चक्रधरांची अवतारकथा आहे आणि ती तशीच वाचावी. माझी चडफड वेगळी. परकायाप्रवेशाच्या गोष्टींसाठी मी मद्रासच्या मासिकाची वाट पाहत बसलो होतो, आणि इथे एसटीच्या एका फेरीच्या अंतरावर सातशे वर्षांपूर्वी ती गोष्ट लिहून झाली होती.

'तुंबाड' हा 2018 चा चित्रपट पाहताना तेच झालं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना धारपांची गोष्ट एका मित्रानं सांगितली ती 1993 मध्ये, नागझिऱ्याच्या जंगलात. म्हणजे विदर्भातच की! पडद्यावर कोसळला मात्र कोकणातला पाऊस. चित्रपट अव्वल आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी वाचलेलं छापील मराठी भूत एकूणच पावसाळी: ओला वाडा, शेवाळलेली विहीर, वाऱ्यानं विझणारा कंदील. मेळघाटातल्या कोरकूंवर वाकोड्यांची 'झेलझपाट' ही कादंबरी आहे, वऱ्हाडी बोलीत कथा-कविता आहेत. टळटळीत उन्हात अंगावर काटा आणणारी भयकथा मात्र माझ्या हाती अजून लागलेली नाही. रात्रीचं भूत तर आता नांदगाव पेठेत टिकायचंच नाही. औष्णिक वीज केंद्राचे दिवे रात्रभर जळतात, एमआयडीसीतली पाळी सुटली की मोटारसायकलींची रीघ लागते. उरली ती दुपार.

भाचा हल्ली भयकथा मोबाइलवर ऐकतो. परवा म्हणाला, भुताच्या गोष्टीत दरवेळी पाऊसच का पडतो? संधी साधून मी त्याला आसरांचं सविस्तर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे दुपारी क्रिकेट खेळाले जाऊ नोको, असंच म्हनता ना मामा?"